भिंतीवरचा चोर

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणणं हा माझा व्यवसाय, आणि जिथे स्वतःचं तोंड उघडायला हवं तिथे ते घट्ट मिटून बसणं हा माझा स्वभाव. या दोन्हींच्या जोरावर मी एका चांगल्या चाललेल्या खेळाचं जवळजवळ वाटोळं करत आणलं होतं, त्याची ही हकीकत.

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. गोष्ट रचणारा सांगतो, समोर बंद दार आहे आणि आत काहीतरी घोरतंय. खेळणारे सांगतात, आम्ही अमुक करतो. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. वीस पडले तर डोंगर हलतो. एक पडला तर माणूस स्वतःच्याच चपलेला अडखळतो. गोष्ट रचणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. मी स्वतःला सूत्रधार म्हणवून घ्यायचे. नियमांचं जाडजूड पुस्तक मी विकत आणलं होतं आणि जागा माझी होती, एवढ्याच गुणांवर माझी निवड झाली होती. पण सूत्रधार म्हटलं की जरा भारदस्त वाटतं.

जागा म्हणजे दवाखान्याची बाहेरची खोली. रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मासिकांचं टेबल मध्ये ओढायचं, पेशंटच्या खुर्च्या त्याभोवती लावायच्या, चहाचा थर्मास जंतुनाशकाच्या बाटल्यांपासून लांब ठेवायचा, की झालं आमचं साहसविश्व तयार. भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारं मोठं चित्र होतं. घाईच्या वेळी मी त्याचा किल्ला म्हणून उपयोग करत असे. खालची मुळं म्हणजे तळघर.

खेळायला सुरुवातीला तिघं होते. एक माझे धाकटे दीर, भावजी. ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि अंगानं इतके बारीक आहेत की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये फटीतून शिरू शकतात. खेळात त्यांनी साडेसहा फुटांचा योद्धा घेतला होता. दुसऱ्या, समोरच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. त्या वाटाड्या होत्या. मी ‘एक नदी लागते’ म्हटलं की त्या विचारायच्या, कुठल्या दिशेला वाहते, आणि मी काहीतरी सांगितलं की म्हणायच्या, मग ती आता डोंगर चढून चाललीये. तिसरे औषधवाले. आमच्याच इमारतीत खाली त्यांचं औषधांचं दुकान आहे. सगळ्यांना वाटलं होतं ते वैद्य होतील. ते म्हणाले, रोज तेच करतो, मला चोर व्हायचंय. आणि झाले. मात्र कुणाचा खिसा कापायच्या आधी त्यांचा चोर मनातल्या मनात माफी मागायचा, आणि ती माफी ते आम्हाला मोठ्यानं सांगायचे. औषधवाले फार सावकाश बोलतात. वाक्य सुरू करतात, मध्ये थांबतात, चष्मा वर करतात, मग उरलेलं वाक्य येतं. पण आलं की ते ऐकण्यासारखं असतं.

मी रचलेली गोष्ट एका तळ्याखाली बुडालेल्या शहराची होती. त्या शहराला एक म्हातारा राजा होता, आणि तो भेटल्यावर एक लांबलचक भाषण करणार होता. ते भाषण मी न्हाणीघरात आरशासमोर पाठ केलं होतं. नवरा दार वाजवून विचारायचा, आत कोण आहे. मी म्हणायचे, राजा. त्याला वाटायचं, थट्टा करतेय.

अशात आमच्यात ताई आल्या.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची आणि भावजींची मोठी बहीण, माझी नणंद. सासूबाई नोकरीच्या पाळ्या करायच्या, त्यामुळे दोन्ही भावांना ताईंनीच वाढवलं. काय खायचं, काय घालायचं, कुठल्या बाजूला भांग पाडायचा, सगळं त्यांनी ठरवलं, आणि पुढे कुणी ‘आता पुरे’ असं सांगितलं नाही, म्हणून त्या ठरवतच राहिल्या. माझं त्यांच्याशी कधी भांडण झालेलं नाही. मी भांडत नाही, एवढंच त्याचं कारण. भावजींनी त्यांना खेळाबद्दल सांगितलं, आणि एका रविवारी त्या बिस्किटांचा मोठा डबा घेऊन हजर झाल्या. त्यांनी जादूगारीण घेतली.

पहिला दिवस छानच गेला. वेशीवरच्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, तुला मुलं किती, ती शिकतात का. पहारेकऱ्याला मुलं असतील असं मलाही ठाऊक नव्हतं. सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी राजा आला. मी खुर्चीवर जरा ताठ बसले, आवाज जाड केला आणि ‘हे भूमीवरच्या माणसांनो’ म्हणून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ताई म्हणाल्या, “मी याला पेटवते.” फासा टाकला. वीस. राजा भाषणासकट जळाला.

मी हसले. सूत्रधारानं खिलाडूवृत्ती दाखवायची असते असं पुस्तकात लिहिलं होतं. घरी येऊन मात्र मी न्हाणीघरात बराच वेळ नुसती बसून होते.

पुढे पुढे ताईंचा अंमल वाढत गेला. भावजींची पाळी आली की भावजींनी तोंड उघडायच्या आत त्या सांगायच्या, “हा दार फोडतो.” भावजी मान डोलवायचे. भूगोलाच्या बाई नकाशा काढायला लागल्या की ताई त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन बाण काढायच्या आणि म्हणायच्या, नकाशा कशाला, इकडे जाऊ. औषधवाले चष्मा वर करायला थांबले की त्यांचा फासा उचलायच्या. “तुम्ही विचार करा हं सावकाश, तोवर मी टाकते.” यात वाईट हेतू कुठेच नव्हता. त्या सगळ्यांना बिस्किटं द्यायच्या, कुणाचा चहा गार झाला ते बघायच्या. पण गोष्टीत चार माणसं होती आणि जगत एकच होतं.

आता कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? ताईंना बाजूला घेऊन सांगितलं असतं, की ताई, इतरांनाही बोलू द्या. एका वाक्याचं काम. मी ते वाक्य सोडून बाकी सगळं केलं.

आधी नवऱ्याला गळ घातली. तुझी बहीण आहे, तूच सांग. तो वर्तमानपत्रातून बाहेर न येता म्हणाला, “मी पन्नाशीला टेकलोय. अजूनही ताईनं फोन करून सांगितलं की स्वेटर घालतो. मी काय सांगणार तिला?” त्याच्या अंगात त्या वेळी स्वेटर होता. विषय संपला.

मग मी सगळ्यांसाठी म्हणून सूचनांचा एक कागद छापून घेतला आणि ‘थुंकण्यासाठी बेसिन वापरा’ या पाटीच्या शेजारी लावला. दुसऱ्याची पाळी असताना बोलू नये, दुसऱ्याच्या फाशाला हात लावू नये, अशा मवाळ भाषेतल्या सूचना. ताईंनी आल्या आल्या तो कागद मोठ्यानं वाचला, दोनदा मान डोलवली आणि भावजींकडे वळून म्हणाल्या, “बघ धाकट्या. तुझ्यासाठी लावावं लागलं त्यांना.” भावजींनी माझी माफी मागितली. आणि मी, लाज वाटते सांगायला, ‘असू दे’ म्हणाले.

त्यानंतर मी सूत्रधाराचे अधिकार वापरायचं ठरवलं. समोरासमोर जे बोलायची छाती नव्हती ते गोष्टीतून करून घ्यायचं. एका चेटकिणीनं ताईंच्या जादूगारिणीला शाप दिला, तुझी वाचा जाईल. मला वाटलं, सुटलो. ताई उठून उभ्या राहिल्या आणि सगळं हातवाऱ्यांनी करून दाखवायला लागल्या. बोलताना जे दोन मिनिटांत व्हायचं ते आता पंधरा मिनिटं चालायचं, आणि आम्ही सगळे ओळखत बसायचो, की हा पूल आहे का हत्ती. पुढच्या रविवारी मी त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याशी गप्पा सुरू केल्या, त्याच्या गुडघेदुखीवर उपाय सांगितला, कैद्यांच्या जेवणात सुधारणा करवून घेतल्या, आणि ती सबंध दुपार तुरुंगातच गेली. बाकी तिघं बाहेर तटाखाली उभे. मग मी फक्त जादूगारांनाच खाणारा एक राक्षस काढला. असा राक्षस कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी खास रात्रपाळी करून बनवला होता. त्यानं फक्त ताईंवर झडप घातली. ताईंनी फासा टाकला. वीस. राक्षस त्यांचा पाळीव प्राणी झाला. आता बोलायला ती दोघं झाली.

त्याच सुमारास औषधवाले यायचे बंद झाले. आधी निरोप आला, थोडी कामं आहेत. मग, दुकानात माल यायचाय. मग नुसताच, या रविवारी नाही जमणार. मी मनाशी म्हटलं, बघा, ताईंमुळे एक चांगला माणूस गेला. आणि त्यांची समजूत घालायला म्हणून कापसाच्या गुंडाळ्या विकत घेण्याच्या निमित्तानं खाली दुकानात गेले. माझ्याकडे वर कपाटभर गुंडाळ्या होत्या.

दुकानात गिऱ्हाईक होतं. औषधवाल्यांनी त्याला गोळ्या कधी घ्यायच्या ते सावकाश समजावलं, पाकिटावर लिहून दिलं, मग माझ्याकडे बघितलं. मी ताईंबद्दल बोलायला सुरुवात केली. स्वभावच आहे त्यांचा, मनाला लावून घेऊ नका, मी काहीतरी मार्ग काढतेय, वगैरे.

ते म्हणाले, “ताईंचं काही नाही हो.” चष्मा वर केला. मी वाट बघितली. “त्या बोलतात. मला सवय आहे, आमच्या घरी सगळेच बोलतात. माझं म्हणणं... तुमच्याबद्दल आहे.”

मी कापसाची गुंडाळी हातात धरून उभी राहिले.

“तुम्ही दर रविवारी त्यांच्याशीच खेळता. शाप त्यांना. तुरुंग त्यांना. राक्षसही त्यांनाच. आम्ही तिघं समोर बसलेलो असतो.” पुन्हा थांबले. “डॉक्टर, त्या तुरुंगाच्या दिवशी मी सांगितलं होतं, की माझा चोर भिंतीवर चढतो. तुम्ही म्हणालात, चढा. मी चढलो. तेव्हापासून तो भिंतीवर आहे.”

मला काही आठवेना.

“तुम्ही त्याला उतरवलंच नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे तुरुंगातून निघालात, पुढे गेलात, तो राक्षस आला, गेला. मी दर वेळी विचार करायचो, आता विचारतील. मग मला वाटलं, आपण घरी बसलो काय आणि भिंतीवर बसलो काय.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खोकल्याचं औषध संपलंय, उद्या येईल, अशा सुरात ते सांगत होते. मी गुंडाळ्यांचे पैसे दिले आणि जिना चढून वर आले. इतके दिवस मी ताईंना गप्प करायच्या नादात फक्त ताईंकडेच बघत होते. त्यांना आवरण्यासाठी मी जी जी युक्ती काढली, तिनं त्यांनाच गोष्टीच्या मधोमध आणून बसवलं. सूत्रधार म्हणे. हातात एकच दोरी धरून बसलेली, आणि बाकीच्या बाहुल्या खुंटीला.

आता ताईंशी बोलणं टाळायला एकही निमित्त उरलं नव्हतं. तरी मी दोन-चार दिवस काढलेच. काय बोलायचं याची तालीम केली. एका पेशंटच्या दाढेत औषध भरत असताना, त्यांचा अर्धा जबडा बधिर आणि तोंडात कापूस, अशा अवस्थेत मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. इतका चांगला श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. कापूस काढल्यावर ते सुजलेल्या ओठानं म्हणाले, “शलल शांगून ताका.” शुल्कात मी त्यांना थोडी सूट दिली.

ताई शहर बससेवेच्या नियंत्रण कक्षात काम करतात. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत गाठावं म्हणून मी गेले, पण मी लवकर पोचले, भीतीनं माणूस कधीकधी लवकर पोचतो. शिपायानं मला आत मागच्या बाकावर बसवलं. लांबट खोली, समोर मार्गांचा मोठा फलक, त्यावर छोटे दिवे सरकतायत. ताई कानाला हेडफोन लावून बसलेल्या. पाठमोऱ्या. एका चालकाचा आवाज आला, घाबरलेला, गाडी चढावर बंद पडली होती, लोक ओरडत होते, तो मध्येच दुसरंच काहीतरी सांगायला लागला, परत मूळ मुद्द्यावर आला. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचं संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “ऐकलं. आणखी काही?” त्यानं आणखी काही सांगितलं. तेही ऐकलं. मग दोन वाक्यांत काय करायचं ते सांगितलं. लगेच दुसरा आवाज. “बोला, ऐकतेय.”

मी बाकावर बसून हे बघत होते आणि मला नक्की कळेना की ही बाई कोण.

सुट्टी झाल्यावर त्या मला बघून दचकल्या. आधी विचारलं, घरी सगळं बरं ना. मग आम्ही जेवणाच्या खोलीत बसलो. त्यांनी डबा उघडला, अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्यात प्रस्तावना होती, त्यांच्या गुणांची स्तुती होती, एक उदाहरणही होतं. दुसऱ्याच वाक्याला मला राजाची आठवण झाली आणि मी थांबले.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्ही खेळताना दुसऱ्यांना बोलू देत नाही. त्यांच्या पाळ्या तुम्ही घेता. मला ते कधीच सांगायला हवं होतं.”

ताईंनी घास तसाच ठेवला. मग त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली.

“तो मुकेपणाचा शाप?”

“तुमच्यासाठी होता.”

“तुरुंग?”

“तोही.”

“मला वाटलं, तुला माझं पात्र फार आवडतं,” ताई म्हणाल्या. “मी शेजारणीला सांगायची, भावजय माझ्यासाठी दर आठवड्याला नवीन काहीतरी तयार करून आणते म्हणून.” मग जरा वेळानं, “आणि भिंतीवरच्या सूचना?”

मी मान डोलवली.

“धाकट्याला मी सगळ्यांसमोर बोलले त्याबद्दल.”

“हो.”

“आणि तू असू दे म्हणालीस.”

ताईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. त्या रागावल्या होत्या हे दिसत होतं. पण त्याहून जास्त, त्यांना आपलं हसं झाल्यासारखं वाटत होतं, आणि ते मी केलं होतं. त्या खाली बघत म्हणाल्या, “इथे मी दिवसभर दुसऱ्याचं पुरं होईपर्यंत गप्प बसते. इथे कुणी चुकीचं ऐकलं तर माणसं मरतात. रविवारी तुमच्याकडे आले की वाटायचं, सुटले. चुकलं तर काय, राजा जळेल.” मग उठत म्हणाल्या, “मी येत नाही आता. तुमचं चालू द्या.”

माझ्या जिभेवर ‘नाही नाही, तसं काही नाही, या ना’ हे सगळं तयार होतं. आयुष्यभर तेच तयार असतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, “तुम्ही यावं असं मला वाटतं. पण दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं. आणि मी थांबा म्हटलं तर थांबायचं.”

ताई नियंत्रण कक्षात गेल्या. दाराआडून आवाज आला, “बोला, ऐकतेय.” तो माझ्यासाठी नव्हता.

पुढच्या रविवारी ताई आल्या नाहीत. भावजी आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही ताईला काय बोललात?” मी सांगितलं. ते म्हणाले, खरंच बोललात? आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडे आदरानं आणि रागानं आलटून पालटून बघत राहिले. औषधवालेही आले नव्हते. दुकानात खरोखरच माल आला होता. तेव्हा आम्ही तिघंच. मी जळालेल्या राजाला एक भाऊ काढला आणि त्याच्या तोंडी ते भाषण घातलं. अखेर ते सबंध म्हणायला मिळालं, कुणीही मध्ये बोललं नाही. शेवटाकडे येताना माझ्या लक्षात आलं की भावजींचे डोळे मिटलेत आणि भूगोलाच्या बाई भिंतीवरच्या दाढेची मुळं मोजतायत. भाषण संपल्यावर बाई म्हणाल्या, “संपलं का?” त्यात खोडसाळपणा अजिबात नव्हता, त्या खरोखर विचारत होत्या. ताईंनी राजाला का पेटवलं ते मला त्या दिवशी समजलं. मीही पेटवलं असतं.

त्याच्या पुढच्या रविवारी औषधवाले आले. मी त्यांना आधीच जाऊन सांगितलं होतं, की आज आपण भिंतीपासून सुरू करू. आम्ही बसतो न बसतो तोच दार उघडलं आणि ताई आत आल्या. हातात बिस्किटांचा डबा. टेबलाशी न बसता त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, जिथे दाढ काढायला आलेली माणसं बसतात. म्हणाल्या, “मी नुसती बसते.” भावजींनी उठून त्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढली. मी त्यांच्यापुढे एक फासा ठेवला.

मी औषधवाल्यांना म्हणाले, “तुमचा चोर भिंतीवर आहे. बरेच दिवस आहे. चूक माझी आहे. तो काय करतो?”

औषधवाल्यांनी चष्मा वर केला. “मी... तिथून...”

थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. ताईंची खुर्ची करकरली. त्यांचा हात फाशाकडे सरकताना मला दिसला, ओठ उघडलेले दिसले. अनोळखी लोकांच्या दाढा मी हसत हसत उपटते. पण ते दोन शब्द काढताना मला घाम फुटला.

“ताई, थांबा.”

माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. भूगोलाच्या बाईंची पेन्सिल खाली पडली. ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं की त्या डबा उचलून चालू लागतील. मग त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसल्या.

“मी तिथून सगळं शहर बघतोय,” औषधवाले म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली, ते ऐकताना मी माझे कागद पालथे घालून ठेवले. इतके रविवार घरी बसून ते त्या भिंतीवरच होते. तिथून त्यांना काय काय दिसतं याचा त्यांनी दुकानात पुड्या बांधता बांधता विचार केला होता. कुठल्या गल्लीत दिवे आधी विझतात. पहारेकरी कुठे थांबून पाय चोळतो. राजवाड्याच्या मागे एक खिडकी आहे, तिथे एक मुलगी रोज येऊन तळ्याच्या पाण्याकडे वर बघते. ती कैदेत असावी. मी ज्या शहराचा राजा रचत बसले होते, त्यात माणसं राहतात हे त्यांनी दाखवलं. त्यांना बोलायला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. मध्ये ते पुष्कळदा थांबले. दर वेळी आम्ही वाट बघितली. ताईंचे खांदे दर वेळी वर यायचे आणि पुन्हा खाली जायचे.

शेवटी ते म्हणाले, “त्या मुलीला काढायचंय. पण मला एकट्याला नाही जमणार. दोरी धरायला योद्धा लागेल. वाट वाटाड्यांनी सांगायची. आणि...” चष्मा. “जादूगारीणबाई, त्या चौकातले दिवे विझवाल का?”

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं. “आता बोलू?”

“बोला.”

“विझवते,” ताई हळू म्हणाल्या, मांडीखालचा हात काढून फासा उचलला, दोन्ही हातांत धरून हलवला, आणि टाकला.

एक.

ताईंना एक पडल्याचं आम्ही कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी फासा उचलून जवळून पाहिला. मी नियमाप्रमाणे सांगितलं, की दिवे विझले नाहीत, उलट भडकले. चौक पेटला, सगळे पहारेकरी जागे झाले, आणि भिंतीवरचा चोर लख्ख उजेडात साऱ्या शहराला दिसतोय. औषधवाले तोंडावर हात ठेवून हसायला लागले. भावजी उठून उभे राहिले आणि कुणी सांगायच्या आधी म्हणाले, “मी दोरी सोडत नाही. काही झालं तरी सोडत नाही.” भूगोलाच्या बाई नकाशा फिरवून ओरडायला लागल्या की पूर्वेला, पूर्वेला नाला आहे. ताई म्हणत होत्या, “अरे देवा, माझ्यामुळे झालं, थांबा, मी काहीतरी करते.” त्या गोंधळात मला भूगोलाच्या बाईंना थांबा म्हणावं लागलं, मग भावजींना, मग पुन्हा ताईंना. एकदा सवय लागली की तो शब्द काही जड नाही.

मुलगी सुटली. औषधवाल्यांच्या चोरानं घसरताना तिच्या पहारेकऱ्याची माफी मागितली.

ताई बदलल्या का? थोड्या. अजूनही त्यांचा हात दुसऱ्याच्या फाशाकडे जातो. मी ‘ताई, थांबा’ म्हणते, त्या ‘थांबले’ म्हणतात, बसचालकांशी बोलतात त्या सुरात, आणि खेळ पुढे जातो. एखाद्या रविवारी असं पाचसहा वेळा होतं आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. मला मात्र दर वेळी आपण फार मोठं धाडस केल्यासारखं वाटतं, ते मी कुणाला सांगत नाही. भावजींना सगळ्यांसमोर बोलल्याचं त्यांनी कसं भरून काढलं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण हल्ली दार फोडायचं की नाही ते भावजी स्वतः ठरवतात, आणि बहुतेक वेळा फोडतातच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. स्पष्ट बोलायचा रस्ता एकदा मोकळा झाला की तो दोन्हीकडून वाहतो. परवा खेळ आटोपल्यावर खुर्च्या जागेवर लावताना ताई मला म्हणाल्या, की आता आपण एकमेकींशी सरळच बोलतो ना, म्हणून सांगते. तुझ्या दवाखान्याचे पडदे मला लग्नापासून आवडत नाहीत. तू फोनवर हळू बोलतेस, पुढच्याला ऐकूच येत नाही. आणि तू पेशंटच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारतेस, त्यांनी उत्तर द्यायचं कसं?

एवढं बोलून त्या थांबल्या. माझं काही म्हणणं आहे का, म्हणून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. अगदी शांतपणे, पुरतं ऐकून घ्यायच्या तयारीनं.

मी म्हणाले, पडदे बदलते.